मोरेबाईंचा बर्फ

मोरेबाईंच्या कोटाची डावी बाही काळ्या मखमलीची होती. बाकीचा कोट जांभळा, घोट्यापर्यंत लांब आणि चौकापलीकडूनही ओळखू येईल असा. फक्त डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत त्यांनी मखमलीचा तुकडा स्वतःच्या हाताने शिवून लावला होता. टाके वेडेवाकडे होते आणि ते लपवण्याचा कोणताही प्रयत्न केलेला नव्हता. बर्फ पडू लागला की त्या शाळेच्या अंगणात मधोमध उभ्या राहत, डावा हात आडवा धरत, आणि मुलं एकेक करून येऊन बाहीवर उतरलेले हिमकण भिंगातून पाहत. "श्वास रोखा," त्या बजावत. "ढगातून एवढ्या लांबून पाहुणा आलाय. फुंकर माराल तर जाईल बिचारा."

मी हे पहिल्यांदा कुंपणाबाहेरून पाहिलं तेव्हा मनातल्या मनात त्या बाहीचं परीक्षण केलं. पार्श्वभूमी काळी, म्हणून कण उठून दिसतो. कापड बाहेरच्या हवेइतकंच थंड, म्हणून तो लगेच वितळत नाही. मखमलीची लव त्याला अंगाच्या उबेपासून दूर, जवळजवळ अधांतरी धरते. रचनेत दोष सापडला नाही. त्यानंतर जे वाटलं त्याला मराठीत एकच नेमका शब्द आहे आणि तो मी टाळणार नाही: हेवा.

कारण बर्फ हा माझा विषय आहे. पुण्यात भौतिकशास्त्र, सस्काटूनला पीएचडी आणि आता टोरांटोच्या एटोबिको भागात विमानतळाजवळच्या एका प्रयोगशाळेत नोकरी, असा माझा सगळा प्रवास बर्फाच्या मागे झाला आहे. विमानाच्या पंखांवर बर्फ धरू नये म्हणून जे लेप लावतात त्यांच्यावर मी काम करते. थोडक्यात, बर्फ टिकू नये यासाठी मला पगार मिळतो. आपल्या मुलीला पहिला हिमकण आपण दाखवायचा, तो षट्कोनी का असतो हे आपण सांगायचं, असं मी सईच्या जन्माआधीच ठरवून टाकलं होतं. प्रत्यक्षात सईने पहिला हिमकण एका जांभळ्या कोटाच्या बाहीवर पाहिला. मी त्या वेळी मीटिंगमध्ये होते.

आमच्या कॉन्डोपासून चालत जाता येईल आणि जिथे जागा शिल्लक आहे अशी बालवाडी एकच होती, आणि ती ज्यू समाजाची होती. त्यांना आमचं वावडं नव्हतं, आम्हाला त्यांचं नव्हतं. तिथे शिक्षिकेला 'मोरा' म्हणतात. हिब्रूत त्याचा अर्थ बाई, शाळेतल्या बाई. पण हे नाशिकच्या माझ्या आईला कोण पटवणार? व्हिडिओ कॉलवर तिने विचारलं, "सईबाळ, तुझ्या बाई कोण गं?"

"मोरा," सई म्हणाली.

"मोरे? अगंबाई, मराठी बाई मिळाल्या की! कुठले हे मोरे? सिन्नरकडचे का?"

मी खुलासा केला. उपयोग झाला नाही. माझ्या नवऱ्याला, निखिलला, ते नाव इतकं आवडलं की आमच्या घरात त्या कायमच्या मोरेबाई झाल्या. पुढे एकदा सईला शाळेत सोडताना आईचा कॉल आला आणि पडद्यावर दोघींची गाठ पडली. आईचा पहिला प्रश्न मी भाषांतर करून दिला: माहेर कुठलं? "विनिपेग!" मोरेबाई गर्जल्या. ते कुठे आलं, हे आईने मला विचारलं. विमानाने जावं लागतं, असं मी सांगितलं. "अरेरे," आई मनापासून हळहळली, "फारच लांब दिली हो पोरीला."

अशीच एक चूक मोरेबाईंनीही केली होती, आणि ती मात्र मी दुरुस्त केली नाही. सई मला 'आई' म्हणते हे ऐकून त्यांनी ते माझं नाव समजलं. "गुड मॉर्निंग, आई!" अशी साठी उलटलेल्या त्या बाईंची आरोळी रोज सकाळी शाळेच्या दारात घुमायची. पालकसभेत छातीवर लावायच्या चिठ्ठीवर त्यांनी माझ्यासाठी ठळक अक्षरांत 'आई' असं लिहिलं. खुलासा एका वाक्याचा होता. पण मोरेबाईंशी मनातल्या मनात चाललेल्या माझ्या वादात माझ्या बाजूने मुळात फार थोडे मुद्दे होते, आणि आमच्या दोघींत आई कोण, हे त्या रोज स्वतःच्या तोंडाने सर्वांसमक्ष मान्य करत होत्या. असा पुरावा कोणी स्वतःहून खोडून काढतं का?

वाद प्रश्नांचा होता. चार वर्षांचं मूल प्रश्नांवर जगतं. सईचे प्रश्न मला ऐकू येत, पण ते माझ्यासाठी नसत. ग्रोसरी घेऊन येताना ती गोठलेल्या तळ्यापाशी थांबायची. "व्हाय इज द आइस ऑन टॉप?" मी तत्काळ सुरू करायचे: पाणी गोठताना पसरतं, त्यामुळे बर्फ पाण्यापेक्षा हलका होतो, त्यामुळे... "नको, आई," ती हातमोजा वर करून मला थांबवायची. "आय विल आस्क मोरा." माझ्याकडे उत्तर होतं, ते अचूक होतं, तिच्या वयाला झेपेल असं सोपं करून ठेवलेलं होतं, गिऱ्हाईक मात्र समोरच्या दुकानात जात होतं. ज्या दिवशी मला टीम लीड केलं, त्या दिवशी जेवताना मी ही बातमी सईलाही समजावून सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग डोळे विस्फारून आपली बातमी दिली: आज मोराच्या बाहीवर बारा हातांची चांदणी उतरली होती. असा कण दुर्मिळ असतो, हे मला माहीत होतं. त्यामुळे दुःख अधिकच शास्त्रशुद्ध झालं. मला फार नको होतं. सईने एक प्रश्न मला विचारावा आणि उत्तरासाठी माझ्या तोंडाकडे पाहावं, इतकंच.

मोरेबाईंकडे नम्रता औषधालाही नव्हती. "या इमारतीतली सर्वांत चांगली शिक्षिका मी आहे," त्या नव्या पालकांना सांगत. "कोणालाही विचारा. मलाच विचारा ना." टोरांटोच्या थंडीचा त्यांना मनस्वी तिटकारा होता, ती त्यांना अपुरी वाटे. आम्ही पालक कानटोप्यांत गुरफटून कुडकुडत उभे असलो की त्या कोटाची बटणं उघडी टाकून म्हणायच्या, "याला थंडी म्हणता? अशा दिवशी विनिपेगमध्ये आम्ही कपडे वाळत घालतो." हे अर्थातच खरं नसणार. त्या बऱ्याच गोष्टी ठोकून देत, आणि त्याच ठिकाणी एकदा त्या माझ्या तावडीत सापडल्या.

सई घरी शोध घेऊन आली: "सॉल्ट मेक्स द स्नो वॉर्म." रस्त्यावर मीठ टाकतात, मिठाने बर्फ गरम होतो आणि वितळतो, असं मोरेबाईंनी शिकवलं होतं.

"सई, मिठाने बर्फ गरम होत नाही. उलट आणखी थंड होतो."

"बट मोरा सेड."

"मोरा चुकली."

निखिलने मान खाली घालून आमटी भुरकायला सुरुवात केली. या घरात उच्चारू नये असं वाक्य मी उच्चारलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरातला थर्मामीटर आणि मिठाची पुडी घेऊन शाळेत हजर झाले. अंगणातल्या बादलीत बर्फ भरला, मीठ कालवलं, थर्मामीटर खुपसला. काटा खाली घसरू लागला. मोरेबाईंनी वाकून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. त्या खजील होतील, निदान सारवासारव करतील, असा माझा अंदाज होता. त्या ताठ झाल्या आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडल्या, "मुलांनो! धावत या! मोरा चुकली!"

केक कापणार असल्यासारखी मुलं धावत आली. "मोरा काय म्हणाली होती?" "गरम!" "आणि बर्फ काय म्हणतो?" प्रत्येकाने काटा पाहिला. "थंड!" "मग बरोबर कोण?" "बर्फ!" अख्खा वर्ग किंचाळला. पर्यायांत माझं नाव नव्हतं. त्या दिवशी संध्याकाळी सईने बाबाला ही हकीकत अशा अभिमानाने सांगितली की चुकणं ही जणू मोरेबाईंची नवी कला होती. थर्मामीटर कोणी आणला, हा तपशील तिच्या कथनात गळून गेला.

मोरेबाईंच्या मात्र तो ध्यानात राहिला. "शुक्रवारी वर्गात येऊन बस, आई," त्या म्हणाल्या. "पुन्हा चुकले तर तू जवळ असलेली बरी." मी सुट्टी टाकून गेले. मोरेबाईंचं एक ठाम मत होतं: "कानात घातलेलं दुसऱ्या कानाने जातं, हातात दिलेलं राहतं." म्हणून तोरा, म्हणजे त्यांचा धर्मग्रंथ, त्यांच्या वर्गात हातांनी शिकला जाई. दर आठवड्याला त्यातली एक गोष्ट, आणि त्या गोष्टीसाठी काहीतरी मळायचं, ओतायचं किंवा गोठवायचं. त्या आठवड्यात वाळवंटाची गोष्ट होती. मोशे या पुढाऱ्याबरोबर गुलामी सोडून निघालेली माणसं भुकेली असतात. एका सकाळी उठून पाहतात तर जमिनीवर हिमासारखं बारीक, पांढरं अन्न पसरलेलं. ज्याने पुष्कळ गोळा केलं त्याला जास्त झालं नाही, ज्याने थोडं केलं त्याला कमी पडलं नाही.

मुलं कागदी कप घेऊन अंगणात धावली. सईने भुसभुशीत बर्फाचा उंच मनोरा रचला आणि तो सांडू न देता आत आणला. बेन नावाच्या अबोल मुलाने मुठीने दाबून दाबून अर्धाच कप भरला होता. कप हीटरवर ओळीने ठेवले गेले. थोड्या वेळाने सईच्या मनोऱ्याच्या जागी तळाशी जेमतेम पाणी उरलं. बेनच्या कपात त्याहून कितीतरी जास्त. सईचा खालचा ओठ थरथरू लागला. भुसभुशीत बर्फात बहुतेक हवाच असते, हे सांगायला मी तोंड उघडलं. मोरेबाईंनी माझ्याकडे न पाहताच एक बोट वर केलं.

"गोष्टीत सगळ्यांचं सारखं भरलं होतं," त्या मुलांना म्हणाल्या. "इथे का नाही भरलं? तुम्हाला काय वाटतं?"

"देव बिझी असेल," एक मुलगी म्हणाली.

"बेनने चिरडलाय तो!" दुसऱ्याने तक्रार केली.

सईने आपल्या कपात डोकावून पाहिलं आणि मग सावकाश म्हणाली, "माइन वॉज नॉट मोअर. इट वॉज जस्ट टॉल."

नुसताच उंच होता. माझ्या पाठ केलेल्या उत्तराहून हे वाक्य चांगलं होतं. ते तिने स्वतः शोधलं होतं आणि ते मोरेबाईंकडे पाहून म्हटलं होतं. इतक्यात बेन उठला, आणि त्याने आपल्या कपातलं पाणी सईच्या कपात ओतलं, दोन्ही सारखे दिसेपर्यंत. "झालं," मोरेबाई म्हणाल्या. "आता गोष्टीतल्यासारखं झालं." त्यांनी यातलं काहीही ठरवून घडवलं नव्हतं, आणि तरीही सगळं श्रेय त्यांच्याच पदरात पडलं. मी घरी जाताना वाटभर याच अन्यायाचा विचार करत होते.

हिवाळा सरत आला तेव्हा कळलं की मोरेबाई शाळेचं वर्ष संपण्याआधीच जाणार आहेत. विनिपेगला त्यांची थोरली बहीण एकटी राहत होती. ती घसरून पडली, मांडीचं हाड मोडलं, आणि आता तिच्यापाशी कोणीतरी कायम हवं होतं. प्रतिस्पर्धी आपण होऊन मैदान सोडत होता. मला आनंद व्हायला हवा होता. तो होतो आहे का, हे मी प्रामाणिकपणे तपासून पाहिलं. झाला नव्हता.

त्याच आठवड्यात एकदा कोट ठेवायच्या खोलीत आम्ही दोघीच होतो. सई आत मोजे शोधत होती. "सई मला प्रश्न विचारत नाही," मी म्हटलं. "सगळे तुमच्यासाठी राखून ठेवते."

"साहजिक आहे. तू उत्तर देतेस."

"मला येतं म्हणून देते."

"हेच तर! मला येत नाही. शाळेत विज्ञानात काठावर पास व्हायचे मी. मुलांनी विचारलं की मला काही सुचत नाही, म्हणून मी विचारते, तुला काय वाटतं? तेवढ्यात ती स्वतःच काहीतरी शोधून काढतात आणि जन्मभर मला हुशार समजतात. हे शहाणपण नाही, आई. लबाडी आहे. अजून कोणी पकडलेलं नाही."

"मला तुमचा हेवा वाटतो," मी म्हणाले.

"माझा?" त्या मुलांच्या बुटक्या बाकावर धपकन बसल्या. "दर जूनमध्ये पालक येतात आणि माझी मुलं घेऊन जातात. सप्टेंबरात ग्रोसरीच्या दुकानात भेटतात. 'से हाय टू मोरा,' मम्मी म्हणते. मूल तिच्या पायामागे लपतं. माझ्याकडे बघतं, मग केळ्यांकडे बघतं, मग परत माझ्याकडे. केळी ओळखीची वाटतात त्याला. आणि हेवा तुला वाटतो?"

 मग इतके दिवस जपलेला पुरावा मी त्यांच्या हवाली केला. "आई हे माझं नाव नाही. आमच्या भाषेत आई म्हणजे मम्मी."

त्या बघतच राहिल्या. "म्हणजे मी तुला रोज सकाळी, सगळ्यांदेखत..."

"हो."

"आणि तू गप्प बसलीस!"

"मला बरं वाटायचं."

त्यांनी मांडीवर थाप मारली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "आणि मोरा म्हणजे काय, हे तुझ्या आईला?"

"तिच्या लेखी तुम्ही अजून सिन्नरच्या मोरे आहात."

"राहू दे," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "बहिणीला सांगते, मला एक गाव मिळालंय."

शेवटच्या शुक्रवारी दगडी पाट्यांची गोष्ट होती. मोशे डोंगरावरून देवाच्या आज्ञा कोरलेल्या दोन पाट्या घेऊन उतरतो. खाली पाहतो तर त्याचीच माणसं सोन्याच्या वासराभोवती नाचताहेत. संतापाने तो पाट्या आपटतो आणि त्या फुटतात. मोरेबाईंनी ओव्हनच्या ट्रेमध्ये पाणी भरून, त्यात क्रॅनबेरींनी अक्षरं मांडून, ट्रे रात्रभर अंगणात ठेवले होते. बर्फाच्या त्या दोन जाड पाट्या सगळ्या मुलांनी मिळून उचलल्या आणि पायरीवरून सोडल्या. ठिकऱ्या उडाल्या. एक मुलगी रडू लागली.

"मग नव्या पाट्या केल्या," मोरेबाई म्हणाल्या. "पण या फुटलेल्यांचं काय करायचं?"

"फेकून द्यायच्या!"

"मुळीच नाही. नव्या ज्या पेटीत जपल्या त्याच पेटीत ठेवायच्या, त्यांच्या शेजारी. फुटलं तरी आपलंच ना?"

प्रत्येक मुलाला एक तुकडा झिपच्या पिशवीत घालून मिळाला. सईच्या तुकड्यात एक अख्खी क्रॅनबेरी अडकलेली होती. निघताना मोरेबाईंनी जांभळा कोट चढवला. ती मखमली बाही त्या सोडवून शाळेला, नाहीतर कोणा मुलाला देऊन जातील, अशी माझी कल्पना होती. निरोपाच्या प्रसंगी माणसं असं काहीतरी करतात. मी तसं म्हणूनही पाहिलं. "ही?" त्यांनी बाही छातीशी धरली. "वेडी आहेस का? तिकडे बर्फ जास्त पडतो." आणि मागे वळून न पाहता त्या गेल्या.

तो तुकडा आमच्या फ्रीझरमध्ये, खोवलेला नारळ आणि मटार यांच्या मधोमध राहिला. जुलैतल्या एका रणरणत्या दुपारी सईने पॉपसिकलसाठी फ्रीझर उघडला आणि ती तशीच उभी राहिली. क्रॅनबेरी आता बर्फातून अर्धी बाहेर आली होती.

"आई."

"काय गं?"

"इट्स गेटिंग स्मॉल. बट देअर इज नो वॉटर. व्हेअर इज इट गोइंग?"

तिने मान वर करून माझ्या तोंडाकडे पाहिलं. याच प्रश्नाची मी अख्खा हिवाळा वाट पाहिली होती, आणि आला तोही माझ्या विषयातला. बर्फ पाणी न होता सरळ वाफ होऊन उडून जाऊ शकतो. फ्रीझरमधली हवा कोरडी असते. पिशवीचं तोंड किंचित उघडं होतं. तीन सोपी वाक्यं जिभेवर तयार होती. मी ती गिळली.

"तुला काय वाटतं?"

सईने डोळे बारीक केले. "यू साउंड लाइक मोरा."

जिंकलेल्या सामन्याची ढाल प्रतिस्पर्ध्याचं नाव कोरून हातात यावी, तसं ते वाक्य माझ्या हातात आलं. तोवर सईचा सिद्धांत तयार झाला होता. "मोरा घेऊन जाते. थोडा थोडा. टू विनिपेग."

"विनिपेगला काय बर्फ कमी आहे?"

"आई! इट्स समर. तिकडे पण नसेल ना आता." गृहीतक मान्य केलं तर तर्क बिनतोड होता.

"मग खरंच मोरा नेते का, हे कसं बघायचं?"

तिने विचार केला. मग जीभ बाहेर काढून, बोटांनी दाबत दाबत, पिशवीची झिप या टोकापासून त्या टोकापर्यंत घट्ट लावली. "नाऊ शी कान्ट."

प्रयोगाचा निकाल मला त्याच क्षणी दिसला. बंद पिशवीत वाफ कोंडून राहणार, बर्फ होता तेवढाच टिकणार, आणि संपूर्णपणे चुकीचा सिद्धांत एका निर्दोष प्रयोगाने सिद्ध होणार. आमच्या प्रयोगशाळेत असा अहवाल मी परत पाठवला असता. इथे मी फ्रीझरचं दार लावून घेतलं. सई रोज फ्रीझर उघडून पाहत होती. क्रॅनबेरी तिथल्या तिथे होती.

"सी?" एका सकाळी तिने जाहीर केलं. पण आवाजात विजय नव्हता. ती दार धरून उभीच राहिली. थंड वाफ तिच्या पायांवर उतरत होती. "पण मग मोराला काय मिळणार?"

 सईने झिप बोटभर उघडली, ती तेवढीच उघडी राहील याची खात्री केली, आणि पिशवी नारळाच्या शेजारी जपून ठेवली.

मुलांना मोरापेक्षा ग्रोसरीतली केळी ओळखीची वाटतात, या बाबतीत मोरा चुकली होती. हे मी त्यांना अजून कळवलेलं नाही. तेवढा हेवा शिल्लक आहे.